मीटरपेटी

पत्रिकेवर छापलंय: साठ वर्षं, एकशे चौदा कलावंत,
उद्घाटन सकाळी ठीक दहा वाजता.
ठीक दहा म्हणजे सव्वाअकरा.
पेढे मी त्या हिशेबानं सांगितलेत.

किल्ल्या माझ्याकडे असतात. आधी आईकडे होत्या,
शाहूपुरीतली ही गुळाची वखार रिकामी झाली तेव्हापासून.
शेवटचा रवा बाहेर गेला आणि चित्रकार आत आले
वळकट्या, ट्रंका, स्टँड घेऊन.
भिंती धुवायला कुणाला सवड नव्हती,
त्या गोडच राहिल्या.
अजून एप्रिलात मुंग्यांची रांग निघते,
ओल्या कॅनव्हासवर चढते,
आणि आभाळ रंगवणारा माणूस शिव्या देत
ब्रशाच्या दांड्यानं एकेक मुंगी टिपत बसतो.
एखादी राहतेच.
दारासमोर लावलंय ते मोठं चित्र, 'रंकाळा, तिन्हीसांज',
त्यात डावीकडं लांब जी होडी दिसते,
ती होडी नाही.

समितीनं ठरवलं, प्रत्येकाचं एक तरी काम हवं.
मी वही काढली. नेजदार सर नावं वाचत गेले,
सत्तेचाळीसाव्यावर अडले.
हिंदुराव वडणगेकर. आले: बेंदराच्या आदल्या दिवशी.
गेले: कोरं.
"यांचं काय आहे आपल्याकडं?"
काही नाही, म्हटलं.
"मग गाळा."

नऊ वर्षं राहिला हा गाळलेला माणूस.
मोठं चित्र काढायला आला होता म्हणे.
कापड ताणून भिंतीला टेकवलेलं,
त्यावर मी खडूनं पाढे लिहायची, तो काही बोलायचा नाही.
तोवर ट्रकच्या पाठी, दुकानांच्या पाट्या,
बेंदराला बैलांची शिंगं,
आणि त्यातनं आईच्या खानावळीचे पैसे, एक तारखेला, सुट्टे.
रात्री सगळ्यांचे ब्रश धुऊन ठेवायचा.
सकाळी जो तो आपापल्या नशिबाला चांगलं म्हणायचा.

मग वीज मंडळाचा माणूस आला: पेटीवर पाटी नाही, दंड होईल.
हिंदुराव ताटावरनं उठला.
लागले दोनच रंग, तांबडा आणि पांढरा;
रविवार होता, ताटातही तेच होतं.
रस्सा गार व्हायच्या आत कवटी, दोन हाडं, ४४० व्होल्ट.
आई हात पुसत बघायला आली
आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

त्यानंतर दर दिवाळीला रंगारी आले की
ती आधी पेटीवर वर्तमानपत्र चिकटवायची,
खळीनं, कडा नखानं दाबून,
दुसरा हात वाळला की स्वतः सोलायची.
हिंदुराव गेल्यावरही.
तिचं तोंड बोळकं झाल्यावरही.

काल खिळे ठोकताना मी स्टुलावर होते,
पेटी डोळ्यांसमोर आली.
कवटी हसते हे ठाऊक होतं, पोरं तिला हसरीच म्हणत.
पण वरच्या ओळीत, डाव्या अंगाला, एक दात अर्धाच.
आईचा तुटला होता तसा,
नळावर भांडणात घागर लागून,
मी दुसरीत असताना.

हातोडी हातात तशीच. मग सगळ्या भिंती फिरले.
पैलवान आहेत, वासुदेव आहे, पन्हाळ्याची मोळीवाली,
गंगावेशीतली म्हैस तर दोनदा.
जिच्या हातचं जेवून हे सगळं काढलं, ती
कुठंच नाही.

सरांना विचारलं नाही.
कोपऱ्यावरनं चिठ्ठी टाइप करून आणली:
सत्तेचाळीस. हिंदुराव वडणगेकर. पत्र्यावर ऑइलपेंट.
शीर्षक काय, पोरानं विचारलं.
राहू दे म्हटलं.

'हात लावू नये'च्या पाट्या सरांनी एकशे तेराच छापल्या होत्या.
बरोबर पुरल्या.
पेटीवर आधीपासून आहे ते, त्याच्या अक्षरात.

साडेदहा झालेत. अजून कुणी आलं नाही.
पेढे आले.
काचेमागं मीटरचं चाक फिरतंय.